एक मेंढपाळ कमी



ह्या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे मुलांच्या अभ्यासाविषयी, घरातील व्यसनांविषयी किंवा सासू-सुनांच्या कुरबुरींविषयी असतात. गेल्या महिन्यात मात्र एका खेडेगावातील मातेचे अगदी लहानसे पत्र आले. तिचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्यास ऑटिझम, म्हणजे मराठीत ज्यास स्वमग्नता म्हणतात ती अवस्था आहे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्यास घरीच ठेवावे, असा निरोप वर्गशिक्षकांकडून आला. गावच्या सणाच्या मिरवणुकीत त्यास आणू नये, असे शेजारणींनी सुचविले. माता विचारते, "फादर, मी त्याला घरात ठेवू की बाहेर नेऊ?"

बाहेर न्यावे, हे माझे उत्तर. परंतु एवढे लिहून मला मोकळे होता येत नाही. कारण ह्या बाबतीत मी स्वतः एका मुलाचा देणेकरी आहे.

सात वर्षांपूर्वी मी एका लहान धर्मग्रामात होतो. नाताळच्या नाटकासाठी आम्ही चार मेंढपाळ निवडले. त्यांतील एक बारा वर्षांचा मुलगा इतरांहून निराळा होता. तालमीत तो मध्येच कानांवर हात दाबून बसे; कधी आपले वाक्य सोडून रंगमंचावरील दिवे मोजू लागे. तिसऱ्या तालमीस लाऊडस्पीकर लावताच तो ओरडत बाहेर पळाला. मग मी त्याच्या आईस बोलावून अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले, की मुलास उगीच त्रास होतो आहे, तेव्हा पुढल्या वर्षी पाहू. पुढल्या वर्षी माझी बदली झाली. नाटक उत्तम झाले. एक मेंढपाळ कमी आहे, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका आजारी गुरुबंधूंच्या जागी काम पाहण्यासाठी मी महिनाभर भोपाळला होतो. वडिलांच्या नोकरीनिमित्त तेच कुटुंब आता भोपाळला बिऱ्हाड करून राहिले आहे. एका रविवारी मिस्सा संपल्यावर त्या बाई भेटल्या व त्यांनी मला चहास बोलाविले. मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "फादर, त्या रात्री तो मेंढपाळाचे कपडे घालून दारात बसला होता. नाटक संपून माणसे परत येईपर्यंत बसला होता." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, जुनी गोष्ट आठवली म्हणून त्यांनी सांगितली. मला मात्र त्यावर काहीच बोलता आले नाही.

तेव्हा आजचे हे लिखाण त्या मातेच्या पत्राचे उत्तर आहे, आणि त्या मुलाचे थोडेसे देणेही आहे.

प्रथम ह्या अवस्थेविषयी. लिओ कॅनर ह्या अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून वैद्यकशास्त्रात ही अवस्था वेगळी ओळखली जाऊ लागली. हा संसर्गाने होणारा रोग नव्हे, आणि औषधाच्या बाटलीने तो जात नाही. मेंदूची घडणच आरंभापासून निराळी असते. कोणी मूल मुळीच बोलत नाही, तर कोणी एकाच विषयावर अखंड बोलत राहते. आपणांस साधा वाटणारा आवाज अशा मुलास असह्य होतो. दिवसाचा ठरलेला क्रम मोडला, की ते घाबरून जाते. आडून बोललेले किंवा थट्टेने बोललेले त्यास उमगत नाही. शब्दांचा जो सरळ अर्थ, तोच ते धरून चालते. आनंद झाला किंवा भीती वाटली, की कोणी हात हलविते, कोणी डोलते. ह्यांपैकी सर्वच गोष्टी सर्व मुलांत असतात असे नाही. एका मुलावरून दुसऱ्याची परीक्षा करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक ह्या अवस्थेतील होते. म्हणजे हजार माणसांच्या धर्मग्रामात अशी सात-आठ माणसे असू शकतात. आपल्या रविवारच्या मिस्सेस त्यांपैकी किती येतात, आणि येत नसतील तर कोठे असतात, ह्याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा. मुलींच्या बाबतीत तर ही अवस्था पुष्कळदा उशिरा ओळखली जाते. "लाजाळू आहे" म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि पुढे वयात आल्यावर भीतीपोटी तिला घराबाहेर काढले जात नाही.

मातांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५० व १९६० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील काही नामांकित विद्वानच असे सांगत होते, की आईची माया कमी पडल्यामुळे मूल असे होते. तो समज खोटा होता. स्वतः अशा मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड ह्यांनी १९६४ साली त्याविरुद्ध ग्रंथ लिहिला, आणि पुढील संशोधनाने तो समज पार मोडीत काढला. आपल्याकडे त्या विद्वानांची जागा शेजारपाजारचे लोक घेतात. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, कोणाची दृष्ट लागली, पूर्वजांचे काही पाप असेल, असे ते सांगतात. हे सारे निराधार आहे. आधीच थकलेल्या आईच्या डोक्यावर हा अपराधाचा भारा कोणी ठेवू नये.

मराठीतील "स्वमग्न" हा शब्द पाहा. तो रूढ झालेला आहे, म्हणून मीही तो वापरतो. परंतु तो आपली एक फसवणूक करतो. तो ऐकून आपणांस वाटते, की हे मूल स्वतःतच गुंग आहे, त्यास माणसांची गरज नाही. मग बोलाविले काय आणि न बोलाविले काय! मीही सात वर्षांपूर्वी असेच समजलो होतो. पण ज्यास माणसांची गरज नाही, तो मेंढपाळाचे कपडे घालून दारात कशाला बसेल? त्यास माणसे हवी होती. लाऊडस्पीकर नको होता. ह्या दोन गोष्टी मला वेगळ्या करता आल्या नाहीत, आणि माझ्या चुकीची शिक्षा त्याने भोगली.

हा प्रश्न चौदाव्या-पंधराव्या वर्षीच का तीव्र होतो, तेही पाहू. लहानपणी गल्लीतील मुले एकमेकांस सांभाळून घेतात. गोट्या, लपंडाव, विटीदांडू ह्यांत एखाद्यास कच्चा लिंबू म्हणून सहज खेळविले जाते. पुढे खेळ ईर्षेचे होतात; क्रिकेटच्या संघात अकराच जागा असतात. मुलांच्या गप्पांत टोमणे आणि थट्टा वाढते, आणि नेमके तेच ह्या मुलास उमगत नाही. अमेरिकेत किशोरवयीन मुलांची एक मोठी पाहणी झाली, आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ऑटिझम असलेल्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्के मुले शाळेबाहेर मित्रांना कधीच भेटत नव्हती, आणि सुमारे निम्म्या मुलांना कोणी कसल्याही कार्यक्रमाचे आमंत्रण दिलेले नव्हते. इतर प्रकारचे अपंगत्व असलेल्या मुलांपेक्षाही त्यांची स्थिती वाईट होती. जेथे साधनसामग्रीची वाण नाही तेथे ही अवस्था; मग शाळा सुटली की घराची चौकट हेच ज्यांचे जग, त्या आपल्या खेड्यांतील मुलांची काय कथा!

भोपाळ शहराचे नाव घेताच १९८४ च्या डिसेंबर महिन्यातील ती २ आणि ३ तारखांमधील रात्र आठवल्यावाचून राहत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने हजारो माणसे मेली, आणि जी वाचली त्यांच्या घरांत पुढे अपंग मुलांचे दुःखही आले. त्या वायूतून वाचलेल्या दोन स्त्रिया, रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला, ह्यांना त्यांच्या लढ्याबद्दल २००४ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या पैशांतून त्यांनी अशा मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट स्थापन केला. एक मुसलमान व एक हिंदू, दोघीही कष्टकरी घरांतील. त्या संस्थेत मुलांना चालण्याबोलण्याचे उपचार आणि विशेष शिक्षण विनामूल्य मिळते, आणि त्याबरोबर खेळही शिकविले जातात. तेथील मुले नाना प्रकारच्या अपंगत्वांची आहेत. ऑटिझम हा त्यांतील एक प्रकार होय. तो वायूमुळे होतो असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. मला सांगावयाचे आहे ते खेळांविषयी.

२६ जुलै २०१२ रोजी, लंडन येथील ऑलिम्पिकचे उद्घाटन होण्याच्या आदल्या दिवशी, भोपाळच्या पीडितांनी आपल्या अपंग मुलांचे निराळे ऑलिम्पिक भरविले. युनियन कार्बाइड विकत घेणारी डाऊ कंपनी लंडनच्या स्पर्धांची पुरस्कर्ती होती, आणि तिचा निषेध करणे हा त्यांचा हेतू होता. परंतु त्या निषेधाची गोष्ट बाजूस ठेवली, तरी ते खेळ कसे योजले होते ते पाहण्यासारखे आहे. ज्यास एकट्याने चालता येत नाही, त्याच्यासाठी आधाराने चालण्याची शर्यत ठेवली होती. ज्यास उभेच राहता येत नाही, त्याच्यासाठी खेकड्याप्रमाणे हातापायांवर सरकण्याची शर्यत होती. ज्यांना धावता येते त्यांच्यासाठी फुटबॉल होता. आधी शर्यत ठरवून मग तिला लायक मुले निवडण्याचा प्रकार तेथे नव्हता. मुले पाहून शर्यत ठरविली होती. मी नाटकाच्या बाबतीत नेमके ह्याच्या उलट केले होते.

येथे कोणी म्हणेल, "फादर, हे सारे समजूत घालण्यासाठी ठीक, पण अशा मुलांच्या हातून खरोखर काही होते काय?" होते. मुंबईतील जिया राय ही नौदलातील एका कर्मचाऱ्याची कन्या. तिला ऑटिझम आहे. पाण्यात राहणे तिला मानवेल म्हणून उपचारादाखल तिचे पोहणे सुरू झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये, बारा वर्षांची असताना, वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर अंतर ती ८ तास ४० मिनिटांत पोहून गेली. मार्च २०२२ मध्ये तिने श्रीलंकेपासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतची पाल्कची सामुद्रधुनी पार केली. जुलै २०२४ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने इंग्लंड-फ्रान्समधील खाडी एकटीने पोहून ओलांडली. त्यास तिला १७ तास २५ मिनिटे लागली. अशा मुलांना पाण्याचे आकर्षण पुष्कळदा असते, आणि न सांगता घरातून निघून विहिरीकडे वा तळ्याकडे जाण्याचा धोकाही मोठा असतो. म्हणून गावात ज्यास पोहणे येते त्याने अशा मुलास सावकाश पोहावयास शिकविले, तर तो खेळही होईल आणि प्राणरक्षणही.

तथापि जियाचे उदाहरण देताना मला थोडी धास्ती वाटते. ते वाचून एखादा पिता आपल्या मुलाकडे पाहून म्हणेल, "हिने समुद्र ओलांडला, आणि तुला ओढासुद्धा ओलांडता येत नाही!" दुसरा म्हणेल, अशा प्रत्येक मुलात काहीतरी अद्भुत शक्ती असतेच. हे दोन्ही खरे नव्हे. आपल्या धडधाकट मुलांपैकी तरी किती जण समुद्र ओलांडतात? त्यांना मिरवणुकीत घेताना आपण पदक दाखवा असे म्हणत नाही. ती आपली असतात, एवढे पुरे होते. ह्या मुलांकडूनही अधिक मागू नये.

म्हणून जियापेक्षाही एका साध्या माणसाची गोष्ट मला आपल्या खेड्यांसाठी अधिक मोलाची वाटते. कॅनर ह्यांच्या त्या अकरा मुलांतील पहिल्याचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहान गावी १९३३ साली त्याचा जन्म झाला. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यास लहानपणी एका संस्थेत ठेवले होते. सुमारे वर्षाने आईबापांनी त्यास परत आणले. पुढे नऊ वर्षांचा असताना गावापासून दूर शेतावर राहणाऱ्या एका निपुत्रिक शेतकरी जोडप्याकडे त्यास ठेवण्यात आले. मुलास मोजमापाचे अतोनात वेड. त्या शेतकऱ्याने ते वेड मोडण्याचा प्रयत्न केला नाही. त्याने त्यास विहीर खणावयास लावले आणि ती किती खोल झाली ते मोजून सांगण्याचे काम दिले. मुलगा मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजीत असे, तेव्हा त्याच्या हाती नांगर देऊन नांगरता नांगरता ओळी मोज, असे सांगितले. कॅनर स्वतः ते पाहून आले, आणि त्या जोडप्याचे त्यांना मोठे कौतुक वाटले. डोनाल्ड पुढे शाळा व महाविद्यालय शिकला, गावातील बँकेत नोकरीस लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी एकटा हिंडला. गावकऱ्यांनी त्याचे वेगळेपण ओळखले, त्यास आपला मानले आणि कोणा परक्याने त्यास छळू नये म्हणून त्याची पाठराखण केली. जून २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, तो आपल्या त्याच गावी वारला. त्या शेतकऱ्यापाशी एकही पदवी नव्हती. मुलगा काय करतो ते त्याने लक्षपूर्वक पाहिले, आणि त्यातूनच त्याच्यासाठी काम शोधले.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीस, आणि तिच्याहूनही अधिक तिच्या गावास, काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

मुलास नुसते "ये" म्हणू नये. त्यास एक ठरलेले काम द्यावे. मोकळा वेळ आणि गर्दी ही त्यास सर्वांत कठीण. हातात काम असले म्हणजे धीर येतो. खुर्च्या ओळीने मांडणे, मेणबत्त्या मोजून देणे, क्रिकेटच्या सामन्यात धावफलक लिहिणे, नारळ किंवा केळीचे घड मोजणे, अशी कितीतरी कामे आहेत. काम त्याच्या आवडीतून निवडावे. एकास मोजणे आवडते, दुसऱ्यास पाणी घालणे, तिसऱ्यास गाणे.

त्यास एक ठरलेला सोबती द्यावा. सारे गाव मिळून सांभाळील म्हटले, म्हणजे कोणीच सांभाळीत नाही. समजूतदार असा एखादा थोरला मुलगा त्याच्याबरोबर असावा. त्यामुळे चिडविणाऱ्यांसही आळा बसतो आणि आईसही अर्धा तास मोकळा मिळतो.

काय होणार आहे ते आधी सांगावे. शक्य तर आदल्या दिवशी, जागा रिकामी असताना, त्यास तेथे नेऊन दाखवावे. प्रथम हे, मग ते, आणि शेवटी घरी, असा क्रम चित्रे काढून दाखविला, तर न बोलणाऱ्या मुलासही तो समजतो. ऐन वेळी बदल करू नये. करावाच लागला तर सांगितल्यावाचून करू नये.

आवाजाची काळजी घ्यावी. मिरवणुकीत बँड मागे असेल, तर त्यास क्रूस धरणाऱ्यांबरोबर सर्वांत पुढे चालू द्यावे. फटाके कोठे व केव्हा वाजणार ते त्याच्या घरी आधी कळवावे. कानांवर लावण्याची साधने बाजारात मिळतात. ती लावली म्हणून कोणी हसू नये.

आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी. दहा मिनिटे बसून त्यास जावेसे वाटले तर जाऊ द्यावे. "आलास तर शेवटपर्यंत बस" असा हट्ट नको. ह्या वर्षी दहा मिनिटे, पुढल्या वर्षी वीस. एखाद्यास आत न येता दारातूनच पाहावेसे वाटेल. तेही येणेच होय. यावयाचे की नाही, ह्यात त्याच्या इच्छेसही मान असावा.

ह्यावर एक आक्षेप निघेल, आणि तो मी टाळणार नाही. "एका मुलासाठी बाकीच्या वीस मुलांच्या कार्यक्रमाचा बेरंग का करावा? त्यांनी महिनाभर तालीम केली आहे." हा आक्षेप दुष्ट माणसाचा नव्हे, सात वर्षांपूर्वी तो माझाच होता. खरे सांगावयाचे तर कधीकधी बेरंग होईलही. एखादे वाक्य चुकेल, मध्येच कोणी ओरडेल, पाहुण्यांसमोर दोन मिनिटे अवघडल्यासारखे होईल. परंतु त्या वीस मुलांनी महिनाभरात काय शिकावे असे आपणांस वाटते? वाक्ये ती पुढच्या महिन्यात विसरतील. अडचण वाटली म्हणून फादरांनी एकास काढून टाकले, हे मात्र ती विसरणार नाहीत. पुढे आपल्या घरातील वृद्धांच्या आणि आजाऱ्यांच्या बाबतीत तोच धडा ती गिरवतील.

पोप फ्रान्सिस ह्यांच्या वेळची एक घटना पुष्कळांस आठवत असेल. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हॅटिकनमधील सार्वजनिक भेटीत एक लहान मुलगा व्यासपीठावर चढला, पहाऱ्यावरील सैनिकाचा हात ओढू लागला, आणि पोपमहोदयांच्या आसनामागे खेळू लागला. आई त्यास नेण्यासाठी धावत आली. त्यास बोलता येत नाही, असे तिने सांगितले. पोपमहोदयांनी त्यास खेळू द्यावे असे म्हटले, आणि ह्या मुलास बोलता येत नसले तरी आपले मन प्रकट करता येते, असे जमलेल्या लोकांस सांगितले. सभा पुढे चालू राहिली. आमच्या गावच्या नाटकाची प्रतिष्ठा त्या सभेहून मोठी खासच नव्हती.

कायद्याचेही दोन शब्द पालकांनी जाणून घ्यावेत. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ऑटिझमचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारांस मान्यता दिली त्यांत ते स्पष्टपणे आहे. ह्या कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार, सरकारमान्य वा सरकारी मदत घेणाऱ्या शाळांनी अशा मुलांस भेदभाव न करता प्रवेश द्यावा, आणि खेळ व करमणुकीच्या कार्यक्रमांतही इतरांच्या बरोबरीने संधी द्यावी, असे बंधन आहे. म्हणून स्नेहसंमेलनाच्या दिवशी मुलास घरी ठेवण्याचा निरोप आला, तर पालकांनी मान खाली घालून तो स्वीकारू नये. मुख्याध्यापकांस भेटून, भांडण न करता, ह्या कलमाची आठवण द्यावी आणि मुलास कोणते काम देता येईल ते स्वतः सुचवावे. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्यावे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षास एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याची सोय आहे, तीही पाहावी. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याची तरतूदही त्याच न्यासाच्या कायद्यात आहे. आपल्यामागे मुलाचे काय होणार, ह्या चिंतेने ज्यांची झोप उडते त्यांनी तिची माहिती जरूर घ्यावी.

आता भोपाळच्या त्या मुलाविषयी सांगून हे पत्र संपवितो. तो आज काय करतो? दर रविवारी मिस्सेच्या अर्धा तास आधी तो वडिलांबरोबर चर्चमध्ये येतो, आणि प्रत्येक बाकावर गीतांची पुस्तके मांडतो. एका बाकावर सहा, एकही कमी नाही, एकही अधिक नाही. चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी तीन वर्षांपूर्वी त्यास हे काम दिले. त्यांनी कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता. हा मुलगा आल्याबरोबर बाक मोजतो, एवढे त्यांनी पाहिले होते. मिस्सेच्या वेळी तो दाराजवळच्या बाकावर बसतो. गाणे मोठ्याने सुरू झाले, की बाहेर अंगणात जाऊन येतो. शेवटचा आशीर्वाद झाला, की गर्दी उठण्यापूर्वी निघून जातो. लोकांस हे सारे इतके सवयीचे झाले आहे, की एका रविवारी तापामुळे तो आला नाही, तेव्हा तीन-चार जणांनी त्याच्या वडिलांकडे चौकशी केली, असे त्याच्या आईने मला सांगितले. "फादर, आमच्या मुलाविषयी पहिल्यांदाच कोणी विचारले, तो का नाही आला म्हणून," असे त्या म्हणाल्या.

माझ्या नाटकात एक मेंढपाळ कमी होता, तेव्हा असे कोणीही विचारले नव्हते. दोन गावांतील अंतर काय ते एवढेच आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझी विनंती आहे, की तिने मुलास ह्या वर्षीच्या मिरवणुकीत अवश्य न्यावे. आधी थोडा वेळ, आणि पुढच्या बाजूस. तिच्या गावातील शिक्षकांस, युवक मंडळास, महिला मंडळास आणि माझ्या गुरुबंधूंस विनंती आहे, की नाताळच्या भूमिकांची यादी तयार होण्यापूर्वी, गावातील कोणत्या घरी आजवर कोणी विचारावयास गेले नाही, ते आठवून पाहावे. त्या घरी जावे, आणि केवळ आईशी बोलून परत येऊ नये. मुलाजवळ थोडा वेळ बसावे, तो काय करतो ते पाहावे. त्याच्या जोगते काम तेथेच सापडेल.